आत्याने वाजवलेला माल

बाजारात शिरलं की डाव्या हाताला नळ, आणि नळाला लागून जो पहिला ओटा, तो आत्याचा. खरं तर ती एकाच माणसाची आत्या. पण तो माणूस, म्हणजे तिचा भाचा, तिच्या ओट्याशेजारीच लहानाचा मोठा झाला, आणि दिवसभर "आत्या, आत्या" करून त्याने असं काही डोकं उठवलं, की मुकादमापासून बर्फवाल्यापर्यंत सगळा बाजार तिला आत्याच म्हणायला लागला. तोंडावर तरी. पाठीमागे काय म्हणत ते आपण कशाला सांगावं! जीभ तिखट होती बाईची, एवढं पुरे.

आत्या शिंपले विकायची. जिवंत, त्याच सकाळी खाडीतून उकरलेले. उकरायची तिची मोठी जाऊ आणि विकायची ही. जाऊ ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायची आणि महिन्याकाठी चार वाक्यं बोलायची. दोघींच्या वाटणीचं उरलेलं सगळं बोलणं आत्याकडे होतं, आणि ते काम तिने कधी अंगाबाहेर टाकलं नाही.

तिची एक रीत होती. शिंपला गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकण्याआधी ती तो दुसऱ्या शिंपल्यावर वाजवायची. एकेक करून, सगळे. तुमची गाडी सुटू दे, दूध उतू जाऊ दे, आत्या वाजवणार. जिवंत शिंपला ठक्क वाजतो, भरीव. मेलेला खळ्ळ वाजतो. आणि तिसरा एक असतो, सगळ्यांत हरामखोर. आतला जीव कधीच गेलेला, पोटात गच्च चिखल, पण तोंड असं मिटलेलं की जिवंतापेक्षा जिवंत दिसावा. तो धप्प वाजतो. असा एक पातेल्यात गेला की अख्खं पातेलं मोरीत ओतायचं. तीस वर्षांत आत्याच्या हातून तसला एकही गेला नव्हता.

"ऐकलंत?" ती विचारायची.

"ऐकलं, ऐकलं. द्या आता."

"काय ऐकलंत?"

मग गिऱ्हाइकाला सांगावं लागायचं. मुकादम बाजारात नवा आला, तेव्हा त्यालाही तिने ओट्यापुढे उभं करून तिन्ही आवाज पाठ करून घेतले होते. "बाजार सांभाळता आणि एवढंही कळत नाही?" बिचारा अर्धा तास डोळे मिटून ठक्क, खळ्ळ, धप्प ओळखत बसला होता.

आता त्या ओट्याचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच बसली आहे. बाजाराचा नियम होता: सलग पंधरा दिवस ओट्यावर माल दिसला नाही, तर ओटा यादीतल्या पुढच्या माणसाला. रस्त्यावर बसून विकायला बंदी. म्हणजे ओटा गेला की खाडीतले शिंपले खाडीतच राहणार आणि जाऊबाई घरी. त्या चार फूट दगडावर आत्याची सासू बसली होती, मग आत्या बसली, आणि दोन बायकांच्या घरातली चूल त्याच्यावर पेटत होती.

आणि अशा त्या ओट्याच्या बरोब्बर समोर, एका सकाळी, भाच्याने फ्रीझर आणून ठेवला.

पांढरा, लांबलचक, काचेच्या झाकणाचा. आत मटार, मका, कोळंबी, आणि एका कोपऱ्यात बाहेरदेशाहून आलेले शिंपले. सोललेले, धुतलेले, उकडून गोठवलेले. ना वाळू, ना चिखल, ना वाजवायची कटकट. पाकीट कापा आणि ओता. आणि भाव आत्याच्या भावाच्या निम्मा.

"लाज नाही वाटत?" आत्या या ओट्यावरून त्या फ्रीझरला ओरडली. "याच खाडीच्या शिंपल्यांवर पोसलायस तू!"

"आत्या, मी कोळंबी विकायला बसलोय. शिंपले आपले तोंडी लावायला," भाचा म्हणाला. पोरगा वाईट नव्हता हो. रोज दुपारी चहा सांगायचा तर दोन सांगायचा, आणि आत्या तो चहा प्यायची, शिव्या देत देत.

महिन्याभरात आत्याला भाव उतरवावा लागला. मग आणखी उतरवावा लागला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पूर्वी कसं, चाळीस घरं होती ठरलेली. शिंपले खाणारी माणसं आजा-पणजापासून शिंपले खाणारी. ती भाव विचारत नसत, आत्या सांगेल तो देत. आता तीच माणसं फ्रीझरकडे बोट दाखवून म्हणायची, "तिथे तर एवढ्यालाच आहे की!"

पण यात एक गंमत होत होती, ती आत्याला दिसत नव्हती. दिसली असती तरी तिने पाहिली नसती. ज्या लोकांनी जन्मात शिंपला तोंडात घातला नव्हता, त्यांनी स्वस्त आहे, साफ आहे म्हणून पाकीट नेलं. आवडलं. मग चार-सहा पाकिटांनंतर त्यांतला एखादा समोर वळायचा आणि आत्याला विचारायचा, "मावशी, हे खरोखरचे का?"

"नाही, खेळण्यातले आहेत," आत्या म्हणायची.

तरी तो न्यायचा. दुसऱ्या आठवड्याला बायकोला घेऊन यायचा. बायको आवाज ऐकून टाळ्या पिटायची. असे पंधरा झाले, तीस झाले, पन्नास झाले. आत्याला त्यांचा भारी तिटकारा. शिंपला उघडायचा कसा हे विचारणारी माणसं म्हणजे तिच्या लेखी माणसंच नव्हेत.

एका दुपारी जाऊबाईंनी महिन्याच्या चार वाक्यांपैकी दोन खर्च केली. "अगं, हल्ली टोपली अकराला रिकामी होते. पूर्वी चारला उरायची."

"आणि भाव? भाव बघा ना जाऊबाई! पाण्याच्या भावाने चाललाय माल!"

"दोन टोपल्या जातात पण."

"म्हणजे तुम्ही दुप्पट वाकायचं आणि मी दुप्पट वाजवायचं! कुणामुळे? त्या मेलेल्या मालामुळे!"

जाऊबाई टोपली धुवायला लागल्या. घरात पूर्वीपेक्षा कमी येत नव्हतं, उलट थोडं जास्तच येत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे आणखी दोन वाक्यं लागली असती.

भाच्याने मात्र सांगितलं, आणि सांगायला नको होतं. चहाचा कप पुढे करत म्हणाला, "आत्या, खरं सांगू? माझ्या पाकिटामुळेच तुझी गिऱ्हाइकं वाढलीयेत."

आत्याने कप ओट्यावर असा आदळला की बशीचे दोन तुकडे झाले. तिला भाव पडल्याचं दुःख होतं, पण हे त्याहून झोंबलं. तीस वर्षं कान लावून माल विकला, आणि आता तिची गिऱ्हाइकं म्हणे एका बर्फाच्या पेटीने तिला दान केली! त्याच दिवशी तिने एका गिऱ्हाइकाकडून अर्ज लिहून घेतला. बाजारात मेलेला माल विकला जात आहे, साहेबांनी येऊन स्वतःच्या कानांनी ऐकावं. खाली सही ठोकली.

आठ दिवसांनी तपासणीचे साहेब आले. कडक इस्त्री, हातात फाईल. शिंपला म्हणजे समुद्रकाठी फिरताना वेचतात ती वस्तू, एवढीच त्यांना माहिती. आत्याने त्यांना ओट्यापुढे उभं केलं. भोवती ही गर्दी! तो दिवस आत्याचा होता. पदर खोचला, दोन शिंपले घेतले आणि वाजवले. ठक्क.

"हा जिवंत. ऐकलंत, साहेब?"

"ऐकलं."

"आता याचे ऐका." आणि भाच्याकडे वळून, "आण रे ते नवीन!"

भाच्याने नुकतेच कवचासकट गोठवलेले अख्खे शिंपले आणले होते. आत्याने दोन पाकिटं फोडली आणि नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ओतली. गर्दी थांबली, साहेब थांबले. बर्फ सुटला तसे शिंपले आ वासून पडले. आत्याने दोन उचलले, उंच धरले आणि वाजवले. खळ्ळ.

"मेलेला!"

पुढचे दोन. खळ्ळ.

"मेलेला! साहेब, सगळे मेलेत! एकही जिवंत नाही!"

"अहो, गोठवलेत ते!" भाचा कळवळून म्हणाला. "गोठवल्यावर मरणारच ना! म्हणून काय खराब झाले? आत्या, मटार जिवंत असतात का?"

पण गर्दीला मटारचं काय? गर्दीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आत्याच्या धंद्यात मेलेला म्हणजे मेलेला, त्यापुढे शब्द नाही. शिजवण्याआधीच मेलेला शिंपला खाल्ला की माणूस आडवा, हे तिने तीस वर्षं लोकांच्या डोक्यात ठोकून भरलं होतं, आणि आज ते सगळं एकदम उपयोगी पडत होतं. साहेबांनी लिहून घेतलं. तक्रारदार म्हणून आत्याने पुन्हा सही केली, या खेपेला जरा मोठी. त्या दुपारचा चहा तिने स्वतःच्या पैशाने घेतला आणि तो तिला फार गोड लागला.

चौथ्या दिवशी नोटीस लागली. "या बाजारात मेलेले शिंपले आढळून आले आहेत. नागरिकांनी शिंपले विकत घेताना व खाताना सावधगिरी बाळगावी." कुणाचे, कुठले, गोठवलेले की ताजे, काही नाही. साहेबांना शिंपला तेवढा शिंपला. आणि ती लावायची तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी लावायची. बाजारात शिरलं की डाव्या हाताला, नळाच्या खांबावर. म्हणजे बरोब्बर आत्याच्या डोक्यावर.

सकाळी पहिली आली ती मास्तरीणबाई. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिने पिशवी उघडली, वर पाहिलं, नोटीस वाचली आणि पिशवी मिटली.

"अहो बाई, ते माझ्याबद्दल नाही," आत्या म्हणाली. "मेलेले ते त्याचे!"

"हो, हो. तरी पण आज राहू दे. घरात लहान मूल आहे."

"ऐका तर खरं! हे बघा, ठक्क!"

"ऐकलं हो. उद्या बघू."

उद्या काही ती आली नाही. आत्या येईल-जाईल त्याला हाका मारून सांगायला लागली, "मेलेले माझे नाहीत! मेलेले समोरचे!" आता तुम्हीच सांगा, बाजारात शिरल्या शिरल्या एक बाई खांबाखाली उभी राहून मेलेले, मेलेले असं ओरडत असेल, तर तुम्ही शिंपले घ्याल का? लोक कांदे घेऊन घरी गेले. पाकीटवाली नवी माणसं तर अशी पळाली की पुन्हा दिसली नाहीत. ज्यांचा तिला तिटकारा होता, ती पन्नास घरं गेल्यावर ओट्यापुढे किती मोकळं मोकळं होतं, ते तिला पहिल्यांदा दिसलं.

आणि भाचा? त्याने शिंपल्यांची पाकिटं उचलली आणि त्या जागी मका भरला. त्याचा धंदा एक दिवसही अडला नाही.

भाव मात्र चांगलेच चढले म्हणायचे! आत्याने फळीवर जुना भाव पुन्हा लिहिला, पडायच्या आधीचा. विचारणारा कुणी नव्हता, एवढंच.

आठवडा गेला. जाऊबाई आणायच्या, संध्याकाळी न विकलेले परत खाडीत सोडायच्या. मग त्यांचा गुडघा सुजला. "सोडायलाच उकरायचं, तर उकरू कशाला?" म्हणाल्या आणि घरी बसल्या. ओटा रिकामा पडला आणि दिवस मोजले जायला लागले. आत्या स्वतः एकदा खाडीत उतरली, पण ओट्यावर बसून तीस वर्षं काढलेली बाई, चिखलात पाय रुतला तो दोन माणसांनी ओढून काढावा लागला. बाराव्या दिवशी मुकादम येऊन हळूच म्हणाला, "आत्याबाई, माल दिसायला हवा ओट्यावर. थोडासा का होईना. नियम माझ्या बापाचा नाही."

त्या रात्री आत्याला झोप लागली नाही. सकाळी उठून ती घरामागे गेली. तिथे जाऊबाईंनी वर्षानुवर्षं टाकून दिलेल्या शिंपल्यांचा ढीग होता: रिकामे, फुटके, आणि ते तिसरे, तोंड मिटलेले, पोटात चिखल. आत्याने तेवढे तिसरेच वेचून घेतले. नळाखाली घासून चकचकीत केले.

"काय करतेस?" जाऊबाईंनी विचारलं.

"विकणार नाही मी एकही," आत्या म्हणाली. "कुणी मागितला तर विकला गेलाय म्हणेन. नुसते ठेवणार. दिसायला."

जाऊबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यांनी शिवी दिली असती तर आत्याला बरं वाटलं असतं.

पंधराव्या दिवशी ओट्यावर टोपली होती, काठोकाठ. असे सुंदर शिंपले त्या ओट्यावर कधी दिसले नव्हते. आत्या मागे बसली होती, आणि पहिल्यांदाच तिच्या हातात शिंपला नव्हता. दहाच्या सुमारास मुकादम आला. टोपली बघून बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"वा आत्याबाई! सुटलो. मला तुमचा ओटा घालवायचा नव्हता हो." आणि आनंदाच्या भरात, सवयीने, त्याने दोन शिंपले उचलले आणि एकमेकांवर वाजवले.

धप्प.

मुकादमाचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने दुसरे दोन घेतले. धप्प. तो आत्याकडे बघायला तयार नव्हता आणि आत्या त्याच्याकडे. समोर भाच्याने फ्रीझरचं झाकण लावलं आणि उगाच काच पुसायला लागला.

"काय ऐकलंत?" आत्याने विचारलं.

"तुम्हीच शिकवलंय, आत्याबाई," मुकादम म्हणाला. शिंपले त्याने टोपलीत जपून ठेवले, जोरात टाकले नाहीत. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी ओटा काढून घेतल्याचा कागद आला.

यादीत पहिला होता तो, शिंपल्यांचा ओटा म्हटल्यावर, ओटाच नको म्हणाला. बाकीच्यांचंही तेच. शेवटचं नाव भाच्याचं होतं. त्याने घेतला.

महिन्याने तो आत्याच्या घरी आला. खांबावरची नोटीस उतरली होती आणि साहेबांचा नवा हुकूम निघाला होता. शिंपले विकायचे तर जिवंतच विकायचे आणि जाणत्या माणसाने एकेक वाजवूनच विकायचे. साहेबांच्या कानात तो आवाज फारच बसला होता. भाच्याने आता बाहेरदेशाहून जिवंत माल मागवला होता, विमानाने, ओल्या गोणपाटात. लोक विचारत होते. विमानाने येतो म्हणजे चांगलाच असणार, असं आपलं लोकांचं.

"जाणता माणूस बाजारात एकच आहे, आत्या," तो म्हणाला. "येशील? तुझ्याच ओट्यावर."

"माझा कुठे राहिलाय?"

"घरातच राहिला ना."

आत्याने दोन दिवस त्याला भरपूर शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी गेली. दुसरं करणार काय? ओट्यावर नवी पाटी होती: "परदेशी जिवंत शिंपले. आत्याने वाजवलेला माल." भाव तिच्या जुन्या भावाच्या दुप्पट, आणि रांग पार बर्फवाल्यापर्यंत.

तिने परदेशी मालाची पेटी उघडली. मनातून तिला वाटत होतं, खळ्ळ वाजू दे. सगळेच्या सगळे खळ्ळ वाजू देत आणि ही पाटी खाली येऊ दे. दोन उचलले, वाजवले.

ठक्क. स्वच्छ, भरीव.

कान खोटं बोलत नव्हता. "जिवंत," ती म्हणाली, आणि रांग पुढे सरकली.

अशा एका आठवड्यानंतर एका सकाळी, बाजार उघडायच्या आधी, जाऊबाई बाजाराच्या मागच्या दाराने आल्या. गुडघ्याला पट्टी, डोक्यावर टोपली. खाडीतले, त्याच पहाटेचे. टोपली खाली ठेवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. महिन्याची वाक्यं बहुतेक संपली होती. घरातलं पीठही संपलं होतं, ते आत्याला माहीत होतं.

आत्याने पाटीकडे पाहिलं. टोपलीकडे पाहिलं. इथला माल म्हटला की लोक अजूनही दोन पावलं मागे जात. मग तिने टोपली उचलली आणि भाच्याच्या पेटीत ओतली. गोणपाट वर ओढून घेतलं. समोरून भाचा बघत होता. त्याने चहा सांगितला, तीन.

रांगेत पहिली मास्तरीणबाई होती. आत्या एकेक वाजवून तिच्या पिशवीत टाकत होती. हाताला कळत होतं, कुठला कुठला आहे ते. खाडीतला शिंपला तीस वर्षांत बोटांना ओळखीचा झालेला. योगायोग बघा, बाईच्या वाट्याला सगळे खाडीतलेच येत होते. ठक्क. ठक्क. ठक्क.

"काय आवाज आहे हो!" मास्तरीणबाई खूश होऊन म्हणाली. "बाहेरचा माल तो बाहेरचा माल. राग मानू नका आत्या, पण तुमच्या त्या खाडीतल्यांना हा आवाज कधी नव्हता."

मागच्या दारात जाऊबाई रिकामी टोपली काखेत धरून उभ्या होत्या. आत्याच्या जिभेवर तीस वर्षांचं बोलणं एकदम आलं. एवढी बडबडी बाई, पण त्यातलं एकही वाक्य तिला वापरता येत नव्हतं. तिने पुढचे दोन शिंपले उचलले, वाजवले आणि पिशवीत टाकले.

"हो बाई," ती म्हणाली. "बाहेरचेच आहेत."